दुसऱ्या खेपेची तयारी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज या व्यासपीठावर ज्या मुलामुलींचा सत्कार झाला त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्याविषयी बोलण्यास आमच्याहून अधिक योग्य वक्ते येथे पुष्कळ आहेत. म्हणून आमच्या वाट्यास आलेली वीस मिनिटे आम्ही दुसऱ्याच एका वर्गाकरिता खर्च करणार आहोत. तो वर्ग म्हणजे यंदा परीक्षेस बसून अनुत्तीर्ण झालेल्यांचा. त्यांची नावे कार्यक्रमपत्रिकेत छापली जात नाहीत, आणि त्यांतील बहुतेक आज या सभागृहातही आलेले नाहीत. परंतु त्यांचे आईवडील आले आहेत, आणि आमचे बोलणे त्यांच्या कानी पडले तरी ते मुलांपर्यंत पोहोचेल.

जुन्या मंडळींस 'ऑक्टोबरची वारी' हा शब्दप्रयोग आठवत असेल. मार्चमध्ये एस. एस. सी. ला गचकलेला विद्यार्थी ऑक्टोबरात पुन्हा बसे. २०१५ सालापासून ती फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली आणि वारीचा महिना बदलला. आम्ही प्राथमिक शिक्षक. परंतु गावात गणिताचा मास्तर म्हणून ही वारकरी मंडळी आमच्याकडे येत. त्यांत एक गोष्ट आम्हांस नेहमी दिसे. मुलगा मार्चपूर्वी जे गाईड वाचीत होता तेच गाईड, त्याच पानावरून, त्याच क्रमाने पुन्हा वाचावयास घेई. आपण कोठे अडलो हे त्यास कोणी विचारीत नसे, व तोही स्वतःस विचारीत नसे. घरात फक्त एकच वाक्य ऐकू येई, 'अभ्यास कर.'

आता परीक्षा शाळेबरोबर संपत नाहीत. पदवी हाती पडून नोकरी लागलेल्या माणसासही पुन्हा परीक्षार्थी व्हावे लागते. आमच्या धाकट्या भगिनीचा मुलगा पुण्यास एका कंपनीत रात्रपाळीस असतो. संगणक बिघडला की लोक ज्यांस फोन करतात त्यांपैकी तो एक. वरची जागा मिळण्यास त्यास सीसीएनए नावाची परीक्षा द्यावी लागली, आणि पहिल्या खेपेस तो नापास झाला. त्याची अनुमती घेऊनच आम्ही हे सांगत आहोत. नाव सांगत नाही, कारण स्थळे पाहणे चालू आहे, असे आमच्या भगिनीचे म्हणणे.

ही परीक्षा सिस्को ही अमेरिकन कंपनी १९९८ पासून घेत आली आहे. संगणकांची जाळी जोडणे, त्यांतील स्विच व राउटर ही यंत्रे चालविणे आणि बिघाड शोधणे हा तिचा विषय. वेळ १२० मिनिटे, शुल्क ३०० डॉलर, म्हणजे करासह पंचवीस हजार रुपयांच्या पुढे. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. एकदा उत्तर देऊन पुढे गेले की मागल्या प्रश्नाकडे परतता येत नाही. ही अट मात्र आम्हांस फार कठोर वाटते, कारण 'आधी सोपे सोडवा, मग अवघडाकडे वळा' हा आम्ही चाळीस वर्षे दिलेला सल्ला तेथे निकामी ठरतो. केंद्रात रफ कामासाठी पुसता येईल अशी पाटी देतात, हे ऐकून मात्र आम्हांस बरे वाटले.

निकाल लागल्यावर आमच्या भाच्याने निकालपत्रक घडी घालून कपाटात टाकले. पंधरा दिवसांनी आम्ही ते मागून घेतले. त्या पत्रकात नुसते उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसते. अभ्यासक्रमाच्या सहाही भागांत किती टक्के साधले ते स्वतंत्र दिलेले असते, आणि प्रत्येक भागाचे वजन कंपनीने आधीच जाहीर केलेले आहे. मूलतत्त्वांस २०, स्विच व त्यांवरील जोडणीस २०, राउटरने वाट निवडण्याच्या भागास २५, सेवांस १०, सुरक्षेस १५, स्वयंचलनास १०. ही दोन पत्रके शेजारी ठेवताच सर्व उघड झाले. व्हिडिओमालिका मूलतत्त्वांपासून सुरू होते म्हणून मूलतत्त्वे त्याने तीनदा पाहिली होती. स्वयंचलन हा नवा बोलबाल्याचा विषय म्हणून त्यावर महिना घालविला होता. आणि सर्वांत जड अशा पंचवीस टक्क्यांच्या भागात तो निम्म्याच्या खाली होता.

आम्ही त्यास म्हणालो, "बाळ, राउटर वाट कशी निवडतो ते आम्हांस सांग. आम्हांस यातले काही येत नाही असे धर."

तो म्हणाला, "सोपं आहे मामा. ज्या वाटेवर विश्वास जास्त, ती."

आम्ही म्हणालो, "मग पुस्तकातला एखादा प्रश्न काढ आणि सोडव."

प्रश्न असा होता. पॅकेट १०.१.१.२५ या पत्त्यावर जावयाचे आहे. राउटरच्या तक्त्यात दोन वाटा आहेत. एक १०.१.०.०/१६ ही, माणसाने हाताने लिहिलेली, जिचा विश्वासांक १, दुसरी १०.१.१.०/२४ ही, ओएसपीएफ पद्धतीने शिकलेली, जिचा विश्वासांक ११०. येथे लहान अंक अधिक विश्वासाचा. भाच्याने तत्काळ पहिली वाट निवडली, आणि उत्तर चुकले. विश्वासांक पाहण्याची पाळी येते ती दोन वाटांचा पत्ता तंतोतंत एकाच लांबीचा असेल तेव्हाच. त्यापूर्वी राउटर पाहतो की पत्त्याचा अधिकात अधिक भाग कोणत्या वाटेशी जुळतो. येथे चोवीस अंशांपर्यंत जुळणारी दुसरी वाट आहे, म्हणून पॅकेट तिकडेच जाते.

हे त्यास पाठ होते, परंतु उमजले नव्हते. तेव्हा आम्ही त्यास पिनकोड दाखविला. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या टपालावर सहा आकडे आले. पहिला आकडा ४ असला की पत्र आपल्या पश्चिमेकडच्या विभागाचे; पहिले तीन ४११ असले की पुण्याच्या वाटपाचे; आणि पूर्ण ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ. आता दिल्लीच्या टपालगृहात पत्रे निवडणाऱ्यासमोर दोन थैल्या आहेत असे समजा, एक '४' ची व एक '४११' ची. सदाशिव पेठेचे पत्र तो कोणत्या थैलीत टाकील? चारची थैली नेणारी गाडी कितीही भरवशाची असली तरी त्याचा हात ४११ च्या थैलीकडेच जाईल. भाचा दोन क्षण गप्प राहिला आणि मग त्याने स्वतःच आणखी चार उदाहरणे करून सोडविली. सभ्यहो, आमचे म्हणणे सारे येथेच आहे. त्याचे वाचन कमी पडले नव्हते. वाचलेले बाहेर काढून पाहण्याचा प्रसंग त्याच्यावर परीक्षेच्या दिवसापर्यंत आलाच नव्हता.

ही केवळ जुन्या मास्तराची समजूत नव्हे. २००६ साली सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांस काही उतारे दिले. काहींनी ते पुनःपुन्हा वाचले. काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे गेले. आणि मौज अशी की, आपल्या लक्षात अधिक राहील असा भरवसा वाचणाऱ्यांसच अधिक वाटत होता! आपल्या आजोबांच्या वेळी पावकी, निमकी, औटकी मुलांकडून रोज संध्याकाळी म्हणवून घेत. नुसती वाचावयास कोणी देत नसे. त्या पद्धतीत छडी होती तेवढे वाईट, बाकीचे शहाणपणाचे होते असे आमचे मत आहे.

तेव्हा भाच्याचा दिनक्रम आम्ही बदलविला. पाळीवरून आल्यावर आधी झोप. यात तडजोड नाही. उठल्यावर कोऱ्या कागदावर १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ हा उतरता पाढा, व त्याखाली सबनेटची दहा गणिते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.१००/२६ हा पत्ता कोणत्या गटातला? सव्वीस अंश गटाचे, उरले सहा. सहा अंशांत चौसष्ट पत्ते. म्हणून गट ०, ६४, १२८ व १९२ येथून सुरू होतात. शंभर हा चौसष्टाच्या गटात. त्या गटाचा शेवटचा पत्ता १२७ हा सर्वांस हाक मारण्याचा. मधले ६५ ते १२६ हे बासष्ट यंत्रांस देण्याजोगे. प्रारंभी यास त्याला चार मिनिटे लागत. हल्ली अर्ध्या मिनिटाच्या आत होते, आणि परीक्षेत एका प्रश्नास मिनिट-सव्वा मिनिटच मिळत असल्याने याचे मोल मोठे आहे.

पुढचा तास यंत्रांचा. खरी यंत्रे घेण्याची जरुरी नाही. पॅकेट ट्रेसर नावाचा कार्यक्रम कंपनी विनामूल्य देते व त्यात पडद्यावर राउटर-स्विच जोडता येतात. भाचा तीन राउटरांचे जाळे मांडतो, आज्ञा लिहितो, चालले की सर्व पुसून टाकतो व दुसऱ्या दिवशी वही न उघडता पुन्हा मांडतो. त्याच्या धाकट्या बहिणीस या विद्येचा गंध नाही, परंतु तिला आम्ही एक काम दिले: तो चहास उठला की चालू जाळ्यातला कोणताही एक आकडा बदलून ठेवायचा. एकदा तिने एका राउटरच्या एका टोकाचा २५५.२५५.२५५.० हा मास्क २५५.२५५.२५५.१२८ करून ठेवला. त्या जोडणीवरचे दोन शेजारी राउटर एकमेकांस ओळखीनासे झाले, आणि कारण सापडण्यास त्यास पाऊण तास लागला. पुस्तकातला तो नियम आता तो जन्मात विसरणार नाही. बहिणीस मात्र या खेळाची इतकी गोडी लागली की एका आकड्याऐवजी ती तीन बदलू लागली. तेव्हा तंटा मिटवावा लागला.

चुकांची वहीही आहे. चूक तीन जातींची असते. माहीतच नव्हते, ही एक. दोन सारख्या गोष्टींचा घोटाळा झाला, ही दुसरी. आणि येत असून प्रश्न घाईने वाचला, ही तिसरी. पहिलीवर वाचनाचा उपाय, दुसरीवर दोन्ही गोष्टी शेजारी मांडून पाहण्याचा. तिसरीवर वाचनाचा काडीइतका उपयोग नाही. तेथे घड्याळ लावून पूर्ण सराव-परीक्षा देणे हाच इलाज.

आता घाईविषयी. नियमाप्रमाणे नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस थांबले की पुन्हा बसता येते. पुष्कळ मुले सहाव्या दिवसाकडेच डोळे लावतात, आणि वडील 'होऊन जाऊ दे एकदाचे' म्हणून फी भरतात. येथे भाच्यानेच आम्हांस सांगितलेली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा व बर्कलीचे विद्यापीठ यांमधील जोडणी अकस्मात मंदावली. अंतर अवघे ४०० यार्ड. परंतु सेकंदास ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. कारण असे की, पाठविलेल्या पॅकेटची पोच वेळेत आली नाही की संगणक तेच पॅकेट पुन्हा त्याच जोराने पाठवीत. वाट आधीच तुंबलेली, तीत ही भर! व्हॅन जेकबसन यांनी यावर काढलेला तोडगा १९८८ साली प्रसिद्ध झाला: हरवल्याचे कळले की वेग एकदम उतरवावा, थोडे पाठवावे, पोच येईल तसतसे वाढवावे. आज जगातील बहुतेक संगणक अशाच रीतीने वागतात. आमच्या भाच्याने हा नियम परीक्षेसाठी पाठ केला होता. तो स्वतःच्या फीच्या पावतीस लावून पाहावा असे मात्र त्यास सुचले नव्हते. आता पाळोपाळीच्या तीन पूर्ण सराव-परीक्षा नीट उतरल्यावाचून तारीख घ्यावयाची नाही असे ठरले आहे.

आणखी एक सावधगिरी. एका शिकवणीवर्गाने त्यास 'हमखास येणारे प्रश्न' म्हणून उत्तरांसह एक संच विकावयास काढला होता. खऱ्या परीक्षेतून चोरलेले हे प्रश्न. पकडले गेल्यास गुण रद्द होतात, पुढे बसण्यास बंदीही येऊ शकते. न पकडले गेल्यास काय होते? रात्री दोन वाजता एखाद्या रुग्णालयाचे जाळे बंद पडते, आणि पाठांतराचा प्रमाणपत्रधारी त्यापुढे हात बांधून उभा राहतो. पालकांनी हा संच स्वस्त पडतो म्हणून घेऊन देऊ नये.

आईवडिलांस एवढीच विनंती की, निकाल लपवू नका. आमच्या भगिनीने शेजारी 'परीक्षा पुढे ढकलली' असे सांगितले होते. परिणाम असा झाला की, त्याच आळीत ही परीक्षा दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालेला एक गृहस्थ राहत असूनही चार महिने त्याची मदत मिळाली नाही. तो हल्ली दर रविवारी सकाळी येतो व भाच्यास फळ्यापुढे उभे करून प्रश्न विचारतो.

शेवटी कार्यकारी मंडळास एक सूचना. आपल्या शिक्षणनिधीतून अशा परीक्षांचे शुल्क परत मिळते, परंतु उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र जोडल्यावर. ज्याची पहिली फी बुडाली त्यास दुसरीच्या वेळी मदतीची अधिक गरज असते. म्हणून अनुत्तीर्णाच्या निकालपत्रकाची प्रत, भागवार टक्क्यांसह, आणि किमान दोन महिन्यांची चुकांची वही एवढे दाखविणारास दुसऱ्या खेपेची निम्मी फी आगाऊ द्यावी असा ठराव आम्ही मांडीत आहोत. वही तपासण्याचे काम आम्ही विनावेतन करू. अर्जाचा मसुदा चिटणीसांच्या हाती दिला आहे. ज्यांस हवा असेल त्यांनी भोजनापूर्वी त्यांजकडून घ्यावा.