सहीच्या आधी

(पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे पंचक्रोशीतल्या बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



मघाशी चहा घेताना मी विचारलं, सकाळी पाणी कोण भरतं? तुम्ही सगळ्या हसलात. हा काय प्रश्न झाला! मग विचारलं, गावच्या पाणी समितीत कोण आहे? तेव्हा कुणी हसलं नाही. एकमेकींकडे बघितलंत. मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "माझं नाव आहे वाटतं. घरी येऊन सही घेऊन गेले होते."

त्या 'वाटतं'वरच मी आज बोलणार आहे. काकूंना नावं ठेवायला नाही. कारण त्यांच्या जागी मी स्वतः होते.

माझ्या सासरच्या गावी, बऱ्याच वर्षांपूर्वी, एक पाणी योजना आली. समितीत बायका पाहिजेत असा नियम होता, म्हणून मला अध्यक्ष केलं. मी दहावी झालेली, तेवढीच लायकी. हार घातला, नारळ फोडला, मला बरंही वाटलं. खोटं कशाला सांगू? पुढे कागद घरी यायचे. मी भाकऱ्या थापत असायची, पिठाच्या हाताने सही नको म्हणून हात पुसायची आणि सही करायची. एकदा चेकवर केली. रक्कम लिहिलेली नव्हती. विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, आमच्यावर विश्वास नाही का?" घरातले समोर उभे होते. विश्वास नाही असं कसं म्हणणार? पाइप आले, चर खणले, टाकी उभी राहिली. टाकीवर माझं नाव रंगवलं. पाणी दोन महिने आलं. नंतर विहिरीलाच पाणी उरलं नाही. ती विहीर जिथे खणली तिथे उन्हाळ्यात पाणी टिकत नाही, हे गावातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. पण जागा ठरवताना मला कुणी बोलावलं नाही आणि मी गेले नाही. पुढे गावातल्या बायका हंडे घेऊन त्या टाकीखालून जायच्या आणि वर बघायच्या. वर माझं नाव होतं.

तेव्हापासून मी सरकारी कागद वाचायला शिकले.

तुमच्या या गावात हे सांगताना मला एक गोष्ट आठवते. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा इथे जन्मले, हे तर इथल्या शाळेतलं पोरही सांगेल. माझं लक्ष जातं ते त्यांच्या आईकडे, रुक्मिणीबाईंकडे. त्या माउलीला गीता समजून घ्यायची होती. संस्कृत कळेना. मराठीत जी मिळाली तीही अवघड वाटली. तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, तूच का लिहीत नाहीस? आई 1918 साली गेली. 'गीताई' छापून आली 1932 साली. आईला वाचायला मिळाली नाही, पण तिने मागितली म्हणून ती झाली. आमच्या चळवळीतल्या काहीजणींना विनोबांची बरीच मतं पटत नाहीत, मलाही पटत नाहीत, तो वाद आज नको. पण 'मला कळेल अशा भाषेत सांग' ही त्या बाईची मागणी मला फार मोलाची वाटते. कारण शासनाचे कागदही आपल्यासाठी संस्कृतच असतात. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, विनियोग प्रमाणपत्र. हे शब्द ऐकले की बाई म्हणते, ह्यांना विचारा.

तर आज आपणच त्याचं मराठी करू.

पैसा दोन वाटांनी येतो, एवढं आधी लक्षात ठेवा. एक वाट वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी जो निधी ठरवला, त्यातला महाराष्ट्रात शंभरातला 80 टक्के वाटा ग्रामपंचायतीचा, आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद यांना दहा-दहा. या निधीतले 60 टक्के बांधलेले होते: निम्मे स्वच्छतेवर, निम्मे पिण्याच्या पाण्यावर, पावसाचं पाणी साठवण्यावर. बाकी 40 टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्चायचे. आता ही गरज कुणाची? गटाराचं झाकण, मंदिरापुढे फरशी, कमान. कमानीखालून हंडा नेताना जरा ऐटीत जाता येतं, एवढाच बाईचा फायदा.

दुसरी वाट जलजीवन मिशनची. ते 2019 साली जाहीर झालं. 2024 पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, असं ठरलं होतं. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मुदत 2028 पर्यंत वाढवली. केंद्राचा निम्मा पैसा, राज्याचा निम्मा. गावातल्या कामाच्या दहा टक्के लोकवर्गणी. जिथे निम्म्याहून जास्त वस्ती अनुसूचित जाती-जमातींची, तिथे पाच टक्के. ही वर्गणी रोख द्या, सामानाने द्या नाहीतर श्रमाने द्या. हे श्रमाचं कलम ठाकूर-कातकरी वाड्यांवर मोठ्याने वाचून दाखवा. पैसे नाहीत म्हणून नळ नाही, असं कुणी सांगितलं तर ते कागदात नाही.

आणि कागदात काय आहे? माणशी दररोज 55 लिटर. घरात पाच माणसं धरली तर 275 लिटर. आपला हंडा धरा पंधरा लिटरचा. अठरा हंडे झाले! आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणी रोज अठरा हंडे आणतात? सहा, फार तर आठ. म्हणजे शासन ज्याला कमीत कमी म्हणतं त्याच्या निम्म्यातही आपण भागवतो. ते कशावर भागतं? बाईच्या आंघोळीवर. पाळीच्या दिवसांत कपडे धुण्यावर. बाळंतिणीच्या पाण्यावर. सुईण मावश्या बसल्यात, त्यांना विचारा.

बरं, पाऊस नाही म्हणावं तर आपल्या रायगडात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. जूनमध्ये अंगणात उभं राहता येत नाही आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. डोंगराचा उतार आणि खाली कातळ, पाणी थांबेल कुठे? जातं खाडीला. जिथे थांबवलं तिथून पुढे शहराला जातं. पेण तालुक्यातलंच हेटवणे धरण, भोगेश्वरी नदीवरचं. त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं. तिकडच्या बायकांनी पाणी पिऊ नये असं मी म्हणत नाही, त्यातल्या कितीतरी आपल्याच लेकी आहेत. पण याच धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन सेझला द्यायची का, यावर 21 सप्टेंबर 2008 रोजी पेणच्या बावीस गावांत जनमत घेतलं गेलं, हे विसरू नका. लाभक्षेत्र हा कागदावरचा शब्द. पण लोकांनी तो वाचला, धरून ठेवला, आणि त्याच्या जोरावर शासनाला आपल्या दारी येऊन विचारायला लावलं. कागद वाचण्याचा उपयोग असा असतो.

हवामान बदल हा शब्दही आता योजनांमध्ये येऊ लागलाय. तो आपल्याला परका नाही. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चढलं. 22 जुलै 2021 ला महाडचं तळिये, 19 जुलै 2023 ला खालापुरातली इर्शाळवाडी. दरडीखाली गेलेली घरं आपल्यासारख्यांचीच होती. खाली खारेपाटात उधाणाने बांध फुटला की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि मग पुढचे काही पावसाळे ती जमीन धड पिकत नाही. त्या काळात घर चालतं बाईच्या मजुरीवर. यावर निधी असतो, पण तो बहुतेक आपल्याला वळसा घालून जातो. जागतिक बँकेच्या मदतीची 'पोकरा' योजना 2018 साली सुरू झाली ती विदर्भ-मराठवाड्यासाठी, वर खानदेश-नाशिककडचा थोडा भाग. त्यांची गरज खरीच. पण कोकण म्हणजे पाणीच पाणी, असा वरच्या लोकांचा समज आहे. एप्रिलमध्ये येऊन बघितलं असतं तर समज गेला असता.

आता बागेचं बोलते, कारण त्यावर इथेच दोघीजणींची जुंपली होती! 'माझी वसुंधरा' अभियान 2020 साली सुरू झालं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गावांना गुण, चांगल्या गावांना बक्षिसं. त्यात झाडं लावणं, हिरव्या जागा तयार करणं आलं. एकजण म्हणाली, प्यायला पाणी नाही आणि बाग कसली? मीही आधी असंच म्हणायचे.

पण एका गावात नळ आले तेव्हा एक म्हातारी मला म्हणाली, "बाय, पाणी आलं, पण बोलायची जागा गेली." विहीर ही आपली एकच जागा होती, जिथे गेलो तर 'कुठे चाललीस' असं कुणी विचारत नव्हतं. पुरुषांना पार आहे, नाका आहे, चहाची टपरी आहे. बाईला बिनकामाने बसायला गावात जागा कुठे? म्हणून मी आता बाग नको म्हणत नाही. मी विचारते, बागेला पाणी कुठलं? सांडपाण्यावर जगेल का? कुंपणाला कुलूप लावून किल्ली कुणाकडे? संध्याकाळी दिवा आहे का? बसायला सावली आहे की नुसता हिरवळीचा तुकडा आणि उद्घाटनाची पाटी? ही उत्तरं मिळाली तर बाग आपली. नाहीतर ती फोटोची बाग.

समितीत ज्यांची नावं आहेत त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. निम्म्या बायका असाव्यात हा नियम आहे, मेहरबानी नाही. सहीच्या आधी चार गोष्टी बघा. अंदाजपत्रकात पाइप किती मीटर, हे वाचा आणि रस्त्यावर पावलांनी मोजा. मी मोजलेत, लोक हसतात, हसू दे. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेलं आणि जमिनीत गाडलेलं एकच आहे का, हे चर उघडा असतानाच कळतं, बुजवल्यावर नाही. विहिरीची जागा कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, बक्षीसपत्र झालं का? नाहीतर उद्या मालकाचं डोकं फिरलं की पाणी बंद. आणि स्रोताचं काय? नळयोजनेत नळ असतो, पण झरा टिकवायला, वर बंधारा घालायला पैसा दुसऱ्या निधीतून जोडून घ्यावा लागतो. तो कुणी मागितला नाही तर कुणी देत नाही. माझ्या गावची टाकी त्यामुळेच कोरडी पडली. विनियोग प्रमाणपत्र म्हणजे 'पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाले' असं लिहून देणं. तिथे तुमची सही असेल तर पैसे तुम्ही खर्च केलेत, असा त्याचा अर्थ होतो.

पाणी तपासायला प्रत्येक गावात पाच बायकांना शिकवायचं, असंही जलजीवनमध्ये आहे. तो तपासणीचा डबा कपाटात पडला असेल तर बाहेर काढा.

कोरा कागद आला तर सांगा, ठेवून जा, वाचून देते. घरातले रागावतील. माझ्याकडे दोन दिवस बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना सुरू झालं.

महाराष्ट्रात ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायचा कायदा 2003 साली झाला. तिथे केलेला ठराव कागदावर चढलाच पाहिजे. वहीत लिहीपर्यंत उठू नका. माहितीच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

मी आता थांबते. एका योजनेच्या अंदाजपत्रकाची झेरॉक्स बरोबर आणली आहे, गावाचं नाव खोडलंय. जेवणं झाली की तिकडे सतरंजीवर बसून ओळीओळीने वाचू. ज्यांच्याकडे चष्मे आहेत त्यांनी पुढे बसा. आणि काकू, तुम्ही माझ्या शेजारी या.