तापलेल्या टायरांचा हिशेब



बैलगाडीच्या चाकाला लोहार लोखंडी धांव चढवितो, तेव्हां ती तापवून चढवितो. कारण तापलेलें लोखंड फुगतें आणि निवतांना चाकाला आंवळून बसतें. मोटारीच्या चाकाला लोखंडी धांवेच्या जागीं रबरी टायर आला, त्याच्या पोटांत हवा आली. पण तापण्यानिवण्याचा जुना नियम सुटला नाहीं. वेगवान मोटारीच्या बाबतींत तो कसा सांभाळावा लागतो आणि न सांभाळल्यास काय होतें, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

शर्यतींसाठीं बांधलेल्या मार्गावर, शर्यत नसेल त्या दिवशीं, सामान्य मालकाला फी भरून स्वतःची गाडी मनसोक्त पळवितां येते. अशा दिवसास ‘ट्रॅक डे’ म्हणतात. इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें ही चाल रूढ आहे. आपल्या देशांत चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोइडा येथेंहि असे दिवस भरतात. तेथें कोणाला हरवावयाचें नसतें. तरीपण गाडीची, आणि विशेषतः टायरांची, तेथें जी परीक्षा होते ती रस्त्यावर वर्षभरांत होत नाहीं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. गाडीचें ओझें मुख्यत्वेंकरून टायराचें रबर पेलीत नाहीं. तें आंतील कोंडलेली हवा पेलते. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीला हवेचा टायर बसविला, तो याच तत्त्वावर. आणि १८९५ सालीं पॅरिस-बोर्दो-पॅरिस या शर्यतींत मिशेलिन बंधूंनीं हवेच्या टायरांची मोटार उतरविली, तीहि याच तत्त्वावर. तेव्हां हवेचा दाब बदलला कीं टायराचा स्वभावच बदलतो.

आतां हा दाब बदलतो किती, हें पाहूं. कोंडलेल्या वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष उष्णमानाच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम आपण शाळेंत शिकलेलों आहों. समजा, सकाळीं २७ अंश सेल्सिअस उष्णमान असतांना टायरांत दर चौरस इंचास ३० पौंड, म्हणजे पेट्रोलपंपावरील भाषेंत ३० पीएसआय, हवा भरली. मापक वातावरणाचा दाब जमेस धरीत नाहीं. तो सुमारें १४.७ मिळविला म्हणजे खरा दाब ४४.७ झाला. २७ अंश म्हणजे निरपेक्ष ३००. मार्गावर चारदोन फेऱ्या होतांच आंतील हवा ७७ अंशांवर, म्हणजे निरपेक्ष ३५० वर, गेली असें धरूं. ४४.७ ला ३५० नें गुणून ३०० नें भागिलें कीं ५२.१ येतात, त्यांतून १४.७ वजा केल्यास मापक सुमारें साडेसदतीस दाखवील. एक थेंबहि हवा न भरतां साडेसात पौंड वाढले!

इतका फुगलेला टायर मध्यभागींच जमिनीला नीट टेंकतो. कडांची पकड सैल पडते आणि वळणावर गाडी घसरूं लागते. म्हणून जाणता चालक सकाळीं रस्त्यावरच्यापेक्षां कांहींशा कमी दाबानें आरंभ करतो, आणि चारपांच फेऱ्या होतांच, टायर निवण्यापूर्वीं, मापक लावून टायर बनविणाऱ्यानें सांगितलेल्या ऊष्ण दाबापर्यंत हवा सोडतो. मार्ग घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरणारा असला तर बहुतेक वळणें उजवीकडे असतात, ओझें डाव्या बाजूवर कलतें आणि डावे टायर अधिक तापतात. त्यांत सकाळीं पौंड-दीड पौंड कमी ठेविला, तर तापल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात.

टायर स्वतःच आपलें दुखणें सांगतो. तें वाचतां आलें पाहिजे. तापमापकाची सुई रबराच्या आंतल्या कडेस, मध्यें आणि बाहेरच्या कडेस अशी तीन ठिकाणीं टोंचावी. मध्य अधिक तापला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा तापल्या असतील तर हवा कमी. याहून सोपा उपाय खडूचा आहे. टायराच्या खांद्यावर, जेथें पृष्ठभाग संपून बाजूची भिंत सुरू होते तेथें, खडूच्या आडव्या रेघा ओढाव्या. फेऱ्या झाल्यावर रेघा भिंतीपर्यंत पुसल्या गेल्या, तर टायर वळणावर लोळतो आहे, हवा वाढविली पाहिजे, असें समजावें.

येथें कोणी म्हणेल, हवा कमी केल्यानें पकड वाढते, तर आणखी कमी कां करूं नये? याचें उत्तर सिल्व्हरस्टोननें दिलें आहे. ३० जून २०१३ रोजीं तेथें ब्रिटिश ग्राँ प्री शर्यतींत लुइस हॅमिल्टन, फेलिपे मासा आणि झां-एरिक व्हेर्न या तिघांचे मागचे डावे टायर भर वेगांत फाटले. टायर पुरविणाऱ्या पिरेली कंपनीनें दोन दिवसांनीं जीं कारणें दिलीं, त्यांत मागील टायर उलटसुलट बसविणें, चाकांचा कल अतोनात ठेवणें आणि मार्गाच्या उंच कडांचे आघात यांजबरोबर ‘अपुरी हवा’ हेंहि होतें. लोखंडी तार एकाच जागीं पुनःपुन्हां वांकविली तर ती तापते व तुटते. कमी हवेच्या टायराची भिंत दर फेऱ्याला तशीच दुमडते. वरून तो मऊ व निरुपद्रवी दिसतो, परंतु आंतून शिजत असतो.

मोजण्याची वेळहि किती महत्त्वाची, तें ६ सप्टेंबर २०१५ रोजीं मोंझा येथें दिसलें. शर्यत सुरू होण्यापूर्वींच्या तपासणींत हॅमिल्टनच्या एका टायरांत नेमलेल्या किमान दाबापेक्षां ०.३ पौंड हवा कमी भरली. तो शर्यत जिंकला, पण विजय राहतो कीं जातो असा प्रसंग आला. पंचांनीं चौकशी केली. टायर बसवितांना दाब बरोबर होता, मापनाच्या वेळीं तापविणारीं वेष्टनें बंद होऊन टायर निवले होते, असें ठरलें, आणि विजय कायम राहिला. उष्णमान न सांगतां सांगितलेला दाब हें अर्धेंच विधान होय.

पण माझ्या मतें खरा धोका मार्गावर नाहीं. तो संध्याकाळीं घरीं परततांना असतो. तापलेल्या टायरांतून हवा सोडून ती ३२ वर आणली असेल, तर वरच्याच हिशेबानें टायर २७ अंशांपर्यंत निवल्यावर ती सव्वापंचविसांवर उतरते. दिवसभर सावधपणें गाडी हांकलेला मनुष्य थकूनभागून तशाच चाकांनीं, कुटुंबाला शेजारीं बसवून, द्रुतगतिमार्गाला लागतो. तेथें पन्नास मैल एका दमांत जावयाचें असतें, आणि टायर फाटला तर सांवरण्यास मोकळें मैदान नसतें. म्हणून निघण्यापूर्वीं, टायर निवूं देऊन, सोडलेली हवा पुन्हां भरणें हें त्या दिवसाचें शेवटचें आणि अत्यावश्यक काम आहे.

ज्यांना असल्या मार्गाचें मुळींच आकर्षण नाहीं, त्यांनाहि यांतून घेण्यासारखें आहे. हवा सकाळीं, गाडी निघण्यापूर्वीं, थंड टायरांत मोजावी. योग्य आंकडा बहुधा चालकाच्या दारापाशीं चिकटविलेला असतो. वैशाखांतील लांबच्या प्रवासांत वाटेंत दाब वाढलेला दिसला म्हणून घाबरून हवा सोडूं नये. ती वाढ बनविणाऱ्यानें आधींच हिशेबांत धरलेली असते. आठवड्यांतून पांच मिनिटें आणि एक साधा मापक, एवढाच या विद्येचा खर्च; आणि गाडींत बसलेल्या माणसांची सुखरूपता हें तिचें फळ.