एन. सी. वायेथ : पुस्तकांचा चित्रकार

स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी ज्यांनीं शाळकरी वयांत वाचली, त्यांच्या स्मरणांतून आंधळा प्यू सहसा जात नाहीं. काठी आपटीत तो सराईकडे येऊं लागला कीं वाचणाराच्या छातींत धस्स होतें. १९११ सालीं न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर या प्रकाशनसंस्थेनें या कादंबरीची सचित्र आवृत्ति काढली. तिचा चित्रकार न्यूएल कन्व्हर्स वायेथ त्या वेळीं अवघा २८ वर्षांचा होता. प्यूचें चित्र काढतांना त्यानें हा धास्ती घालणारा प्रसंग घेतलाच नाहीं. त्यानें घेतला तो नंतरचा क्षण : साथीदार पळून गेले आहेत, चांदण्या रात्रीं रस्त्यावर आंधळा एकटाच उरला आहे, अंगावरचा झगा फडफडत आहे, आणि रिकामा हात पुढें करून तो चांचपडत आहे. थोड्याच वेळानें घोड्यांच्या टापांखालीं त्याचा शेवट व्हावयाचा आहे. ज्याच्या भीतीनें आतांपर्यंत अंगावर कांटा येत होता, त्याचीच हें चित्र पाहतांना कणव येते.

ही दृष्टि त्याला गुरूपासून लाभली होती. हॉवर्ड पाइल (१८५३–१९११) हा स्वतः थोर पुस्तकचित्रकार. डेलावेअर राज्यांतील विल्मिंग्टन येथें त्यानें १९०० सालीं शाळा काढली. निवडक विद्यार्थ्यांस तो फी न घेतां शिकवी. मॅसॅच्युसेट्समधील नीडहॅम गांवचा वायेथ १९०२ सालीं तेथें दाखल झाला. लेखकानें जें वर्णन केलें तेंच पुन्हां रेखाटूं नये, त्यानें जें मोकळें सोडलें तें चित्रानें भरून काढावें, असें पाइल सांगे. चित्रकारानें बाहेर उभें न राहतां मनानें त्या प्रसंगांत शिरावें, हें त्याचें दुसरें सांगणें. ऐकावयास दोन्ही सोपीं, पाळावयास कठीण.

जिम हॉकिन्स खजिन्याच्या शोधार्थ घर सोडतो, त्या निरोपाला स्टीव्हन्सननें फारशी जागा दिलेली नाहीं. कथेला जहाजावर चढण्याची घाई आहे. वायेथ मात्र तेथें थांबला. मुलगा गांठोडें घेऊन निघाला आहे आणि मागें आई फडक्यांत तोंड झांकून उभी आहे. निरोपाच्या वाक्यांत आईचे अश्रु नाहींत. चित्रांत ते आहेत, आणि एकदां पाहिल्यावर पुढचें सारें साहस त्या आईला मागें ठेवूनच वाचावें लागतें.

हीं मूळ चित्रें तैलरंगांतील, जवळजवळ ४ फूट उंचीचीं. पुस्तकाच्या पानाएवढीं होऊन छापलीं गेलीं तरी त्यांचा भारदस्तपणा उणावला नाहीं. मोबदला मिळाला २,५०० डॉलर. त्यांतून त्यानें पेन्सिल्व्हेनियांतील चॅड्स फोर्ड येथें १८ एकर जमीन घेतली व घर बांधलें. पुढें ‘किडनॅप्ड’, ‘रॉबिन हूड’, ‘रॉबिन्सन क्रूसो’ धरून १०० हून अधिक पुस्तकांस त्यानें चित्रें दिलीं. मासिकांचें व जाहिरातींचें काम निराळेंच.

आणि तरीहि तो समाधानी नव्हता. पुस्तकांचीं चित्रें म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांची चाकरी, खरा चित्रकार वेगळा, ही बोचणी त्याला जन्मभर लागून राहिली. त्यानें स्वतंत्र निसर्गचित्रेंहि पुष्कळ काढलीं. त्यांतलीं कांहीं सुंदर आहेत. पण प्यूच्या शेजारीं ठेवलीं तर फिकीं पडतात. ज्या कामाला तो दुय्यम समजत होता, त्यांतच त्याची सारी शक्ति उतरली होती.

धाकटा मुलगा अँड्र्यू (१९१७–२००९) याला त्यानें घरींच चित्रकला शिकवली. १९३७ सालीं न्यूयॉर्कमध्यें अँड्र्यूच्या जलरंगांचें प्रदर्शन भरलें आणि एकूणएक चित्र विकलें गेलें. बापानें जी प्रतिष्ठा आयुष्यभर इच्छिली ती लेकाला विसाव्या वर्षीं मिळाली. १९ ऑक्टोबर १९४५ रोजीं चॅड्स फोर्डजवळ रेल्वेच्या रुळांवर वायेथची मोटर आगगाडीखालीं सांपडली. तो आणि शेजारीं बसलेला लहानगा नातू दोघेहि गेले. त्यानंतर अँड्र्यूनें ‘विंटर, १९४६’ हें चित्र काढलें. वाळलेल्या गवताच्या टेकडीवरून एक मुलगा धांवत खालीं येत आहे. टेकडीच्या पलीकडल्या अंगास ते रूळ आहेत. चित्रांत ते दिसत नाहींत.