पांढरीचे मालक



ऑस्ट्रेलियातल्या गोरेपणावर बोल, असं मला सांगितलंय. मी मॅट्रिक, गोदीत राबणारा. ऑस्ट्रेलिया वाचला तो कंटेनरच्या कागदावर. पण वाशीत उभं राहिलं की तो देश नीट दिसतो.

1901 साली तिथल्या गोऱ्यांनी कायदा केला. बोटीतून उतरणाऱ्या काळ्या-पिवळ्या माणसाला युरोपातल्या कुठल्याही भाषेत पन्नास शब्दांचं शुद्धलेखन घालायचं. चुकला की हाकलायचा. शुद्धलेखन! हत्यार ओळखीचं आहे ना? 1973 ला ते धोरण मोडीत निघालं आणि बहुसंस्कृतीचा जमाना आला. या, तुमचे मसाले आणा, नाच दाखवा. पण 'या' म्हणणारा कोण? तोच गोरा. 'चालते व्हा' म्हणणारा आणि 'या' म्हणणारा एकाच खुर्चीत बसतो. ज्याची जमीन, तो आदिवासी दोन्ही वेळा दाराबाहेर. ती जमीन कुणाचीच नव्हती ही थाप आहे, हे कोर्टानं मानायला 1992 उजाडलं. 2023 ला विचारलं, ह्यांना घटनेत नुसती सल्ला द्यायची जागा द्यायची का? बहुमत म्हणालं, नको.

आता आपलं बघा. वाशी स्टेशनच्या अंगाला आसाम भवन, केरळ हाऊस, उत्तर प्रदेश भवन. अख्खा भारत. असू दे, चांगलंय. पण खाली काय होतं? आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, खाडी. 1970 ला सिडको आली, 95 गावं नकाशात ओढली. 1984 च्या जानेवारीत जमिनीचा भाव मागणाऱ्यांवर उरण तालुक्यात गोळ्या झाडल्या. पाच शेतकरी मेले. साडेबारा टक्के त्यानंतर आले, फुकट नाही.

आणि दादर-गिरगावातून इथं आलेला साहेब सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतो, भय्यांना हाकला. गावठाणातली कोळीण पाटी घेऊन आली की त्याला वास येतो. हा इथला यजमान कधी झाला?

मराठीत गोरेपणाला शब्द आहे, पांढरपेशा. रंग कातडीत नाही, पेशात. गावात राहायच्या जागेला पांढरी म्हणतात, शेताला काळी. आपला म्हारवाडा पांढरीच्या कुसाबाहेर. राबायला मात्र काळीत. माझा आजा 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडं आला. त्याच साली मुंबईत पँथर निघाली, अमेरिकेतल्या काळ्यांचं नाव घेऊन. आज्याला त्याचा पत्ता नव्हता, तो खडी फोडत होता. ह्या शहराच्या पांढरीत त्यालाही जागा मिळाली नाही. झोपडी टाकली ती नाल्याकाठी.

म्हणजे आपण इथले भूमिपुत्र नाही आणि यजमान तर नाहीच नाही. आगरी पोरं आपली दोस्त आहेत, त्यांच्या मोर्च्यात आपण चालतो. पण साडेबारा टक्के सातबाऱ्यावरून मोजतात. ज्याच्या सात पिढ्यांचं नाव सातबाऱ्यावर चढूच दिलं नाही, त्यानं भूमिपुत्र कुठल्या कागदावर व्हायचं? पुढच्या बैठकीला जुहूगावची पोरं येणार आहेत. त्यांच्यासमोर हे बोलायचंय, त्यांच्या पाठीमागं नाही.