किनाऱ्याच्या प्रवाहांची नोंद : स्वागताध्यक्षीय भाषण



मांडवी जेथे सागरास मिळते त्या पणजी नगरीत, आणि 1966 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या इतक्या सान्निध्यात, आपले स्वागत करण्याचा मान स्वागतसमितीने मजकडे सोपविला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. या किनाऱ्याचा रहिवासी या नात्यानेच बोलत आहे.

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचे पाणी दक्षिणेकडे वाहते आणि खालचे थंड, पोषक द्रव्यांनी संपन्न परंतु प्राणवायूस पारखे झालेले पाणी वर येते, हे वाऱ्याच्या आधारे समजण्याजोगे आहे. हिवाळ्यात मात्र वारा बहुधा उत्तरेकडूनच येत असता प्रवाह त्याच्यावर चाल करून उत्तरेस निघतो. दक्षिणेस सुमारे 400 किलोमीटर रुंद असलेला तो गुजरातपर्यंत पोहोचता पोहोचता 100 किलोमीटरांवर आकसतो, पण अधिक खोल होतो. याचे मूळ शोधता शोधता अभ्यासक थेट बंगालच्या उपसागरापर्यंत गेले, कारण तेथे उठलेल्या किनारी लाटा श्रीलंकेस वळसा घालून आपल्या मुलखात येतात व उपसागराचे कमी खारे पाणीही त्याच वाटेने इकडे लोटले जाते. त्याच सुमारास लक्षद्वीपानजीक समुद्रपृष्ठास उंचवटा येऊन त्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने प्रचंड आवर्त फिरू लागते. पावसाळ्यात तेथेच खळगा पडतो, आणि आवर्ताची दिशा उलटते. कोकणच्या पाण्याचा खुलासा पूर्व किनाऱ्यावर मिळावा, हे मला या शास्त्रातील सर्वांत थोर सत्य वाटते.

म्हणूनच एका बंदरावरची, एका मोसमाची नोंद अपुरी ठरते. उपग्रह समुद्राची उंची मोजतात, पण जमीन जवळ आली की त्यांचे मापन डळमळते. किनाऱ्यावरील रडार प्रवाह दाखविते, पण केवळ पृष्ठभागावरचा. खालच्या पाण्याची हकिकत तळाशी नांगरलेली यंत्रेच सांगतात, आणि ती वर्षानुवर्षे जागेवर टिकावी लागतात. जाळ्यांत अडकून ती तुटतात, तेव्हा नोंदीत पडलेला खंड पुन्हा कधीही भरून निघत नाही.

येथे जमलेल्या तांडेल मंडळींस माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी ही यंत्रे आपलीच समजून सांभाळावीत. आणि विद्वज्जनांस विनवणी आहे की, पाण्याची ओढ पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या या मंडळींचे अनुभव त्यांनी या परिषदेत ऐकून घ्यावेत, व आपले निष्कर्ष त्यांच्या भाषेत, मोसम सुरू होण्यापूर्वी, बंदराबंदरांवर पोहोचविण्याची तजवीज करावी.