जाळीखालचं पाणी, गच्चीवरची हवा


बाथरूमच्या फरशा नव्या, नळ नवे.
तरीही जाळीतून कुबट वास येतो.
असं का?

जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो.
त्यात साधारण दोन इंच पाणी कायम साचलेलं राहतं.
तेच गटाराचा वास अडवतं.
अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये लंडनमध्ये पेटंट घेतलेल्या संडासाच्या वाकड्या नळीतही हीच युक्ती होती.

आता वरच्या मजल्यावर फ्लश होतो.
पाण्याचा लोंढा पाइपातली हवा ओढत खाली जातो.
हवा पुरली नाही, तर ट्रॅपमधलं पाणीच खेचलं जातं.
आधी गुडगुड, मग वास.

म्हणून व्हेंट पाइप हवा.
गच्चीच्या वर उघडणारा, टोकाला जाळीची टोपी असलेला.

फरशी बसण्याआधी प्लंबरला दोन गोष्टी विचारायच्या.
पाणी वाहून जायला पाइपाला उतार किती?
आणि हवा कुठून येणार?
पुन्हा सांगतो: उतार आणि हवा.