थकल्या बैलाचा हिशेब
(जयसिंगपूर येथील बैठकीतील भाषण)



जयसिंगपूर हा उसाचा मुलूख. आम्ही आलो ते ज्वारी-कापसाच्या कोरड्या रानातून. तरी आजचा विषय इथेच काढायला हवा. इथून जवळच्या नांदणी मठाची हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला गेली. तक्रार प्राणिहक्कवाल्या संस्थेची होती. गाव रडले, ऑगस्टमध्ये हजारो लोक कोल्हापूरपर्यंत पायी चालले. न्यायालय बरोबर की मठ, त्यात आम्ही पडत नाही. पण जनावराचे भले कोणी ठरवायचे, हा प्रश्न हत्तीपाशी थांबत नाही. तो आपल्या दावणीपर्यंत येतो.

शहरात आता स्वतःला 'व्हीगन' म्हणवणारी मंडळी निघाली आहेत. मांस नाही, दूध-तूपही नाही, कातड्याची चप्पलसुद्धा नाही. आपण त्यांना हसतो. हसू नये. त्यांचा एक सवाल खरा आहे. दुधासाठी गाय गाभण ठेवली की निम्मी वासरे गोऱ्हे होणार. त्यांचे काय करता? दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसाला याचे उत्तर देता येत नाही. आपल्याकडे होते. गोऱ्ह्याचा बैल व्हायचा, वर्षानुवर्षे राबायचा, थकला की बाजारात जायचा, त्या पैशात भर घालून नवा यायचा. ऐकायला कठोर आहे, पण कोरडवाहू शेतकऱ्याचे भांडवल त्या बैलात होते.

१९७६ च्या कायद्याने गाईची कत्तल बंद झाली, बैलाला दाखला मिळाला तर परवानगी होती. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद. या कायद्याचे गोडवे गाणारे सकाळी दुधाचाच चहा पितात. त्यापेक्षा व्हीगन परवडला, तो निदान स्वतःच्या ताटातले काही सोडतो.

आमचा एक बैल आम्ही दोन बाजारांतून परत आणला. व्यापारी हात लावीना. गाडी वाटेत अडवतात म्हणाला. पुढे तीन वर्षे, एका दुष्काळासकट, विकतच्या कडब्यावर त्याला पोसला. माया होतीच. पण मायेचे बिल एकट्या आमच्याच नावावर का? सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने गोशाळेतल्या देशी गाईला रोज ५० रुपये जाहीर केले. दावणीच्या थकल्या बैलाचे त्यात नाव नाही.

पर्यावरणवाले म्हणतात, रवंथ करणारी जनावरे मिथेन सोडतात आणि पृथ्वी तापते. तेही खरे आहे. पण परदेशात मका-सोयाबीन चारून मांसासाठी वाढवलेले जनावर आणि आपला बैल एका मापाने मोजू नका. ज्वारीचे दाणे आपण खातो, कडबा तो खातो, शेण रानात जाते. माणसाच्या तोंडचा घास त्याने काढलेला नाही. आपणच ज्वारी मोडून सोयाबीन पेरले. कडबा गेला, मग बैल गेला, मग शेणखत गेले आणि युरियाचे पोते आले. आणि मिळाले काय? २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, बाजारात त्याच्याही खाली विकावे लागले. शहरात सोयाबीनचे दूध पिणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

कातडे नको म्हणून रेक्झिनची चप्पल घालतात, ते प्लास्टिकच. कापूस बरा म्हणावा, तर कापसाचे पापही आपल्याला ठाऊक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसाहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. अहिंसेच्या हिशेबात अळी धरता, बैल धरता, तर फवारणारा माणूसही धरा.

ज्याला बैल मरू द्यायचा नाही, त्याने त्याचा कडबा द्यावा. नाहीतर बाजार मोकळा करावा. एवढीच मागणी आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावातले थकलेले बैल मोजून आणा. किती आहेत, किती वर्षांपासून बसून आहेत, रोजच्या पेंढ्या किती लागतात आणि पेंढीचा भाव काय, सगळे कागदावर लिहून आणा.